जुन्या स्पोर्टी गाडीची चाकं आणि ड्राइव्हट्रेन: रिम घेण्याआधी गाडीखाली जा

जुनी स्पोर्टी गाडी घेतली की बहुतेक नवशिके सर्वांत आधी रिम बघायला लागतात. साहजिक आहे. रिम डोळ्यांत भरतात, गाडीखाली तीस वर्षं फिरत असलेला क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा, कोनातही फिरणारा सांधा) कोणाच्या नजरेस पडतो? पण या क्रमाने गेलं की घोळ होतो. नवी चाकं बसतात, गाडी नव्वदच्या वेगाला थरथरते, आणि ही थरथर रिमची, टायरची की आधीपासून शाफ्टमध्येच होती, याचा पत्ता लागत नाही. म्हणून इथे क्रम उलटा आहे. आधी आवाज ओळखा, मग गाडीखाली जाऊन ढिलं ते दुरुस्त करा, मग मोजमापं घ्या, आणि रिमचे पैसे त्यानंतर बाहेर काढा.

आकड्यांसाठी मी माझदा एमएक्स-५ ची पहिली पिढी धरली आहे. १९८९ साली आलेली छोटी दोन आसनी गाडी. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना. आकडे तिचे असले तरी पद्धत कुठल्याही जुन्या गाडीला लागू पडते. तुमची गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असेल तर लांब प्रोपेलर शाफ्टबद्दलचा (गिअरबॉक्सकडून मागे ताकद नेणाऱ्या दांड्याबद्दलचा) भाग सोडून द्या.

आवाजावरून सुरुवात

मोकळा, सपाट रस्ता निवडा. काचा वर, संगीत बंद. ज्या वेगाला आवाज येतो त्या वेगाला क्लच दाबून गाडी न्यूट्रलला टाका आणि तशीच धावू द्या. आवाज तसाच राहिला आणि गाडी मंदावेल तसा उतरत गेला, तर तो फिरणाऱ्या भागांचा आहे: टायर, बेअरिंग, शाफ्ट. एकदम थांबला तर इंजिन-क्लचकडे बघा, किंवा ओढ आली की मगच बोलणाऱ्या भागाकडे, म्हणजे गिअरबॉक्सकडे आणि डिफरेन्शियलकडे (ताकद दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरच्या पेटीकडे).

चाकाच्या बेअरिंगची घरघर वेगाबरोबर वाढते आणि वळणावर बदलते. डावीकडे वळताना गाडीचं वजन उजव्या चाकांवर येतं. तेव्हा आवाज वाढला तर संशय उजव्या बाजूवर. टायरचा आवाज याच जातीचा असतो आणि भलेभले फसतात, पण रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की टायरचा सूर बदलतो, बेअरिंगचा नाही. डिफरेन्शियल कण्हतं. एक्सलरेटर दाबल्यावर कण्हणं आणि सोडल्यावर गप्प, किंवा याच्या उलट, असं असेल तर पिनियनचं (शाफ्टने फिरणाऱ्या छोट्या गिअरचं) बेअरिंग किंवा पिनियन आणि तो फिरवतो त्या मोठ्या क्राउन गिअरच्या दातांची बैठक बिघडलेली असते. हे काम नवशिक्याने उघडू नये. तिथे शतांश मिलिमीटरचा हिशेब असतो आणि शिम (फट जुळवायची पातळ चकती) चुकलं तर नवे गिअरही काही दिवसांत खराब होतात.

क्लच सोडताना किंवा गिअर बदलताना एकच ‘टण्ण’ ऐकू आला तर कुठेतरी प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे: क्रॉसमध्ये, डिफरेन्शियलच्या माउंटिंगमध्ये किंवा शाफ्टच्या स्प्लाइनमध्ये (एकमेकांत सरकणाऱ्या दातेरी जोडात). पुढच्या चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू निघताना ‘कट-कट-कट’ असा ठेका आला तर पुढच्या ड्राइव्हशाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या आडव्या दांड्याचा) बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे गोळ्यांचा सांधा, संपत आला. जोरात निघताना गाडीचं पुढचं अंग हलत असेल तर आतला जॉइंट.

थरथरीबाबत थोडं गणित कामाला येतं. एमएक्स-५ चा मूळ टायर १८५/६० आर १४, म्हणजे व्यास सुमारे ५७८ मिलिमीटर आणि परीघ साधारण १.८१ मीटर. ताशी १०० किलोमीटरला हे चाक सेकंदाला जवळपास १५ फेऱ्या मारतं. १६०० सीसीच्या गाडीत डिफरेन्शियलचं गुणोत्तर ४.३, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट त्याच वेळी सेकंदाला ६५ च्या आसपास फिरतो. म्हणून चाकाचा दोष हाताला वेगळा लागतो आणि शाफ्टचा वेगळा. चाकाचा असमतोल स्टिअरिंग हलवतो, आसन हलवतो. तो जवळजवळ मोजता येईल इतका संथ असतो. शाफ्टची थरथर बारीक, मधमाशीच्या गुणगुणीसारखी, आसनाखालून आणि गिअरच्या दांड्यातून येते. हा फरक एकदा कळला की निम्मं निदान जागीच होतं.

गाडीखाली

गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करा. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून अडण्या लावा, गाडी उचला आणि वजन जॅकस्टँडवर उतरवा. नुसत्या जॅकवर टांगलेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, ‘एकच नट बघायचाय’ असं असलं तरी. स्टँड लावल्यावर गाडीला खांद्याने धक्का देऊन बघा; हलायची ती तुम्ही आत शिरण्याआधीच हलू दे.

चाक वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा. प्ले लागला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. मग डावी-उजवी बाजू धरून हलवा. इथे पुढच्या चाकाला प्ले लागला तर बहुधा टाय रॉडचं (चाक वळवणाऱ्या दांड्याचं) टोक. दोन्हीकडे लागला तर बेअरिंग. साथीदाराला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवा: प्ले गेला तर दोष बेअरिंगचा, राहिला तर जोडांचा. बेअरिंग बदलताना हबचा (चाक ज्यावर बसतं त्या भागाचा) मोठा नट नवाच घ्या. ज्याची कड ठोकून खाचेत बसवतात तो नट दुसऱ्यांदा वापरायचा नसतो. तो बऱ्याच गाड्यांत २०० न्यूटन-मीटरच्या वर आवळावा लागतो, त्यामुळे हे काम चाक जमिनीवर टेकलेलं असताना आणि ब्रेक दाबलेला असताना करा, स्टँडवर नाही.

ड्राइव्हशाफ्टच्या रबरी बुटांच्या घड्या बोटांनी उघडून बघा. चीर बाहेरून दिसत नाही, घडीच्या तळाशी असते. आसपास काळं ग्रीस उडालेलं दिसलं तर बूट फाटलाच समजा. आवाज सुरू झालेला नसेल तर जॉइंट सोडवून, धुऊन, मॉलिब्डेनमचं नवं ग्रीस भरून नवा बूट चढवला की काम होतं. धुताना केरोसीनने जुनं ग्रीस पूर्ण काढा, कारण त्यात मिसळलेली धूळ पॉलिश पेपरचं काम करते. ‘कट-कट’ सुरू झाली असेल तर मात्र बुटावर पैसे घालवू नका. आतल्या गोळ्यांच्या वाटा खरवडल्या गेल्या आहेत.

प्रोपेलर शाफ्ट एका हाताने आणि त्याला जोडलेला फ्लँज (बोल्टने जोडायची चकती) दुसऱ्या हाताने धरून उलटसुलट पिळा. क्रॉसमध्ये प्ले अजिबात नको, अगदी किंचितही. क्रॉसची टोपी निघालीच तर आत बघा: धड असेल तर बेअरिंगच्या बारीक सुया तेलकट आणि चकचकीत दिसतात, गेलेला असेल तर सुयांच्या जागी लालसर भुकटी आणि क्रॉसच्या खांबावर नखाला लागतील अशा सरळ खाचा. काही गाड्यांत क्रॉस कारखान्यातच ठोकून बसवलेले असतात, तिथे अख्खा शाफ्ट बदलणं सोपं पडतं.

शाफ्ट काढण्याआधी दोन्ही फ्लँजवर आणि स्प्लाइनच्या जोडावर रंगाच्या पेनने खुणा करा. कारण असं: क्रॉस एका कोनात फिरताना शाफ्टला प्रत्येक फेरीत दोनदा वेगवान आणि दोनदा मंद करतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हे चढउतार उलटे करून मिटवतो, पण दोन्ही टोकांचे योक (क्रॉसला धरणारे दुहेरी बाहू) एका ओळीत आणि दोन्ही कोन सारखे असतील तरच. स्प्लाइनवर एक दात चुकला तरी चांगला शाफ्ट थरथरतो. गाडीची उंची कमी केलेली असेल तर कोनही तपासा. बीएमडब्ल्यूच्या ई३० आणि ई३६ मध्ये गिअरबॉक्सच्या टोकाला रबरी चकती असते. तिच्या भोकांभोवती भेगा दिसल्या तर बदला, आणि बसवताना चकतीवर कोरलेले बाण फ्लँजच्या बाहूंकडे रोखलेले आहेत ना, हे बघा.

एमएक्स-५ मध्ये गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियल यांना जोडणारी ॲल्युमिनियमची लांब चौकट आहे. गिअरबॉक्स उतरवायचा तर ती सोडवावी लागते. ती सोडवल्यावर दोन्हीकडचे जड भाग आधाराशिवाय लोंबकळतात, म्हणून खाली आधार आधी लावा. परत बसवताना तिची उंचीही पुस्तिकेप्रमाणे जुळवावी लागते, नाहीतर शाफ्टचे कोन बिघडतात.

तेल: स्वस्त काम, मोठा फरक

जुन्या गाडीत गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियलचं तेल कधी बदललं हे सहसा कोणालाच माहीत नसतं. बदलून टाका. पण खालचा प्लग उघडण्याआधी वरचा, तेल भरायचा प्लग सुटतो का ते बघा. गंजून बसलेला वरचा प्लग सुटलाच नाही आणि तेल तर सगळं खाली, अशी वेळ आली तर गाडी तिथेच अडकते.

काढलेल्या प्लगवर चुंबक असेल तर त्यावर राखाडी लगदा दिसेल. बोटांत चोळून बघा. मऊ, शाईसारखा लगदा म्हणजे नेहमीची झीज. त्यात कडक कण, पापुद्रे किंवा दाताचा तुकडा लागला तर तेल भरून गाडी पुढे दामटू नका. दोष आत आहे.

मागच्या डिफरेन्शियलमध्ये पिनियन आणि क्राउनचे दात एकमेकांवर घासत सरकतात. त्यांना गंधक-फॉस्फरसची भरपूर मात्रा असलेलं जीएल-५ दर्जाचं तेल लागतं. गिअरबॉक्सचं तसं नाही. तिथल्या पितळी सिंक्रो रिंगना (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) पकड घ्यायला थोडं घर्षण हवं असतं, आणि जीएल-५ मधली काही रसायनं पितळ खातात. म्हणून पुस्तिकेत जीएल-४ लिहिलं असेल तर जीएल-४ च घाला. ‘वरचा आकडा म्हणजे वरचा दर्जा’ असं इथे नसतं. क्लच-प्लेटी असलेल्या लिमिटेड स्लिप डिफरेन्शियलला (एकच चाक फुकट फिरू न देणाऱ्या) वेगळं घर्षण-सुधारक तेल लागतं. ते नसेल तर हळू वळताना मागून कुरकुर येते.

क्लच बदलायचा ठरला तर प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकच्या टोकातलं छोटं पायलट बेअरिंग एकदमच बदला, कारण खर्च आणि घाम भागांचा नसतो, गिअरबॉक्स उतरवण्याचा असतो. मागचं क्रँक सीलही तेव्हाच बघून घ्या. हलक्या फ्लायव्हीलचा (क्रँकच्या टोकावरच्या जड चक्राचा) मोह अनेकांना होतो. इंजिन चटकन चढतं-उतरतं हे खरं, पण गर्दीत गाडी हलवणं कष्टाचं होतं, आणि ड्युअल-मास फ्लायव्हील (मध्ये स्प्रिंग असलेलं दोन भागांचं चक्र) असलेल्या गाडीत साधं चक्र घातलं की उभ्या गाडीत गिअरबॉक्स खडखडतो. रोज वापरायच्या गाडीत मी तरी घालणार नाही.

आता चाकं: आधी पाच मापं

एक, भोकांचं वर्तुळ. चार भोकं असतील तर समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर घ्या. पाच भोकांत समोर भोक नसतं, तिथे शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर मोजून १.७०१ ने गुणा. ५×१२० मध्ये हे अंतर ७०.५ मिलिमीटर भरतं. व्हर्नियर वापरा, पट्टी नको. ४×९८ आणि ४×१०० मधला फरक प्रत्येक भोकाला फक्त एक मिलिमीटरचा असतो, म्हणून चुकीची रिम बसल्यासारखी वाटते, नटही चढतात. पण नट तिरके बसतात आणि धावताना सुटतात. एमएक्स-५ ४×१०० आहे, टोयोटाची एई८६ आणि निसानची एस१३ या दोन्ही ४×११४.३.

दोन, मधलं भोक. एमएक्स-५ च्या हबचा उंचवटा ५४.१ मिलिमीटरचा. बाजारातल्या रिमना मधलं भोक बहुतेकदा मोठं ठेवलेलं असतं, ७३.१ वगैरे, म्हणजे एकच रिम अनेक गाड्यांना चालते. मधली फट रिंगने भरा. रिंगशिवायही चाक बसतं, पण मध्यावर येतं का ते नटांच्या मर्जीवर.

तीन आणि चार, रुंदी आणि ऑफसेट, यांचा विचार एकत्रच करायचा. ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारी बाजू किती बाहेर आहे. रिमवर ‘ईटी’ लिहून पुढे मिलिमीटर दिलेले असतात. एमएक्स-५ ची मूळ रिम १४ इंची, साडेपाच इंच रुंद, ईटी ४५. समजा तुम्हाला १५ इंची, सात इंच रुंद, ईटी ३५ रिम आवडली. साडेपाच इंच म्हणजे १३९.७ मिलिमीटर, अर्धी ६९.८५. आतली कड हबपासून ६९.८५ अधिक ४५, म्हणजे ११४.८५ आत, बाहेरची ६९.८५ वजा ४५, म्हणजे २४.८५ बाहेर. नव्या रिमची अर्धी रुंदी ८८.९. आतली कड १२३.९, बाहेरची ५३.९. म्हणजे नवं चाक आतल्या बाजूला ९ मिलिमीटर आणि बाहेर २९ मिलिमीटर जास्त जागा खाणार. आता गाडीपाशी जा आणि सस्पेन्शनच्या बाजूला ९ आणि मडगार्डच्या बाजूला २९ मोकळे आहेत का ते मोजा, उभ्या गाडीत नाही, तर चाक वर दाबलेल्या आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलेल्या स्थितीत.

ऑफसेट फार कमी केला की चाक बाहेर दिमाखात उभं राहतं, पण स्टिअरिंग जड होतं, रस्त्यातल्या चरांमागे गाडी ओढली जाते आणि बेअरिंगवर लांबून भार येतो. मूळ आकड्यापासून पाच-दहा मिलिमीटरपर्यंत जाणं ठीक, त्यापलीकडे कशासाठी हा प्रश्न स्वतःला विचारा.

पाच, ब्रेक कॅलिपर. रिमचा व्यास पुरेसा असला तरी स्पोक कॅलिपरला लागू शकतात. पुठ्ठ्यावर कॅलिपरची बाह्यरेषा काढा आणि तो पुठ्ठा रिमच्या आत धरून बघा.

टायरचा बाहेरचा व्यास मूळ मापाच्या जवळ ठेवा. १९५/५० आर १५ चा व्यास ५७६ येतो, मूळपेक्षा दीडच मिलिमीटर कमी, म्हणून तो या गाडीवर इतका चालतो. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी कितीही खोल असली तरी जुनाट, कडक रबर घेऊ नका. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी असेल तर चारही टायर सारखे झिजलेले हवेत. सुबारू परिघात पाव इंचापेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही, कारण तो फरक मधल्या कपलिंगला सतत घासत ठेवतो.

वजनही बघा. एमएक्स-५ ची मूळ रिम साधारण साडेपाच किलोची आहे. तिच्या जागी नऊ किलोची स्वस्त १६ इंची रिम लावून गाडी ‘स्पोर्टी’ होत नाही, खड्ड्यात उड्या मारते.

जुनी रिम वाचवायची असेल तर

हबवर बसवून फिरवा आणि डायल गेज कडेला लावा. नसेल तर स्टँडला बांधलेली तारही चालेल. आतली कड वाकलेली असेल तर चांगला कारागीर ती सरळ करतो. आतल्या पिंपाला बारीक तडा असेल तर वेल्डिंग करणारे मिळतात. स्पोकला किंवा नटांच्या भोकांजवळ तडा असेल तर रिम भंगारात घाला, कोणी कितीही खात्री दिली तरी.

रंग द्यायचा तर हबला टेकणारी बाजू आणि नटांच्या बैठका झाकायला सांगा. पावडर कोटिंगचा जाड थर बैठकीत राहिला की नट आवळताना तो घट्ट वाटतो, मग थर दबतो आणि नट ढिला पडतो.

नट, बोल्ट आणि बसवणं

बैठक तीन प्रकारची असते: शंकूसारखी, गोल आणि सपाट. होंडा आणि फोक्सवागनच्या मूळ रिमना गोल, बाजारातल्या बहुतेक रिमना शंकूची. शंकूच्या बैठकीत गोल नट घातला तर तो एका बारीक रेषेवरच टेकतो. बाहेरून मात्र काही कळत नाही, म्हणून नट हातात घेऊन बैठकीशी जुळवून बघा.

आटे पुरेसे धरले आहेत का, हे फेऱ्या मोजून कळतं. एम १२ × १.५ च्या (१२ मिलिमीटर जाड, एका फेरीत दीड मिलिमीटर सरकणाऱ्या आट्याच्या) स्टडला निदान १२ मिलिमीटर, म्हणजे आठ फेऱ्या. स्पेसर (हब आणि रिममधली चकती) लावला तर बोल्टवाल्या गाडीत बोल्ट तेवढेच लांब घ्या. पातळ, सैल भोकाचे स्पेसर घेऊच नका.

हबचा गंज तारेच्या ब्रशने काढा. आट्यांना तेल-ग्रीस लावू नका; त्याच टॉर्कला नट जास्त ताणला जातो. सगळे नट आधी हाताने, मग समोरासमोर आळीपाळीने आवळा, आणि शेवटी टॉर्क रेंच. एमएक्स-५ ला ८८ ते ११८ न्यूटन-मीटर. वायुगनने शेवट करू नका. ५० ते १०० किलोमीटर झाल्यावर, चाकं थंड असताना, टॉर्क पुन्हा तपासा, आणि रुंदी किंवा उंची बदलली असेल तर अलाइनमेंट करून घ्या.

डिफरेन्शियल बदलायचा विचार असेल तर

१९९३ नंतर आलेल्या १८०० सीसी एमएक्स-५ मध्ये डिफरेन्शियल मोठं आहे, गुणोत्तर ४.१, आणि काही गाड्यांत टॉर्सन (गिअरवर चालणारं लिमिटेड स्लिप). १६०० च्या गाडीत ते बसवण्याचा बदल प्रचलित आहे. पण नुसतं डिफरेन्शियल घेऊन भागत नाही, बाजूचे ड्राइव्हशाफ्ट आणि प्रोपेलर शाफ्टही त्याच गाडीचे लागतात, म्हणून सगळा संच एकत्र मिळत असेल तरच हात घाला. गुणोत्तर ४.३ चं ४.१ झालं की पिकअप किंचित मंदावतो, महामार्गावर इंजिन शांत राहतं आणि वेगाचा काटा जवळपास पाच टक्के कमी दाखवायला लागतो, कारण त्याची केबल गिअरबॉक्समधून फिरते. काटा जुळवायला गिअरबॉक्समधला छोटा प्लास्टिकचा गिअर बदलावा लागतो. तो मिळतो का हे संच घेण्याआधी विचारून ठेवा.